दर : एक पायली काळी कुसळ

महाडच्या आमच्या कॉलेजात अशी अफवा आहे की माझ्या टेबलाच्या खणात ‘नियमात बसत नाही’ असा रबरी शिक्का आहे. तसा शिक्का नाही. त्याची गरजच पडत नाही. मी नुसता चष्मा कपाळावर चढवला की प्राध्यापक मंडळी आपणहून कागद परत घेतात. बावीस वर्षं मी संशोधन विभागाच्या फायली सांभाळते आणि गेल्या वर्षापर्यंत ऑडिटवाल्यांनी माझ्या कामावर एकही आक्षेप काढलेला नव्हता. लोक आपल्या मुलांचे मार्क सांगतात, मी हे सांगायचे.

तीन वर्षांपूर्वी ऋत्विक सरांना विद्यापीठाकडून एक प्रकल्प मिळाला. पोलादपूर तालुक्यातले भाताचे जुने वाण गोळा करायचे, एका शेतात शेजारी शेजारी लावायचे आणि कुठला वाण कसा येतो ते मोजायचं. सर पुण्याचे, तरुण, मनाने चांगले. फक्त बोलताना हात इतके उडवतात की त्यांच्यासमोर चहा ठेवायची सोय नाही. खरं काम अंकिता करायची. ती उमरठची, सरांच्या हाताखाली पीएचडी करत होती. दोन वर्षं कधी मिनीडोर रिक्षातून तर कधी पायी हिंडून तिने एकतीस वाण जमवले होते. तिची शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपणार होती, म्हणजे पीक घ्यायला तिच्या हातात हा एकच हंगाम होता.

गेल्या वर्षी लावणीची वेळ आली तेव्हा ती माझ्याकडे आली. शेत कापड्याला भाड्याने घेतलं होतं. त्याच गावच्या ठकूबाई आणि त्यांच्या सोबतच्या बायका लावणी करून देतील, म्हणाली. अर्धंअधिक बियाणं ठकूबाईंनीच दिलं होतं.

“दरपत्रक आहे त्यांचं?” मी विचारलं.

“नाही, मॅडम.”

“पूर्वी केलेल्या कामाचा दाखला?”

“साठ वर्षं भात लावतात त्या.”

“त्याचा दाखला?”

मी चष्मा कपाळावर चढवला. बाहेरून सेवा घ्यायची तर तीन दरपत्रकं हवीत आणि सर्वांत कमी दराला काम द्यायचं, हा नियम. मी तीन एजन्स्यांना पत्रं धाडली आणि ज्यांचा दर कमी त्यांना काम दिलं. ती फाईल इतकी देखणी झाली होती की मी ती दोनदा उगाचच उघडून पाहिली.

लावणीच्या आठवड्यात अंकिता टायफॉइडने अंथरुणाला खिळलेली. सर पुण्याला कुठल्याशा परिषदेत. एजन्सीची माणसं दोन दिवसांत आली, लावून गेली. नकाशा त्यांना दिला होता, पण भर पावसात नकाशा कोण उघडतो? हाताला येईल ती रोपांची जुडी लावली आणि प्रत्येक वाफ्यात काठी रोवून तिला वाणाच्या नावाची छापील चिठ्ठी बांधली. कुठल्या वाफ्यात काय आहे, याचा पुरावा म्हणजे त्या एकतीस चिठ्ठ्या.

गणपती गेल्यावरच्या सोमवारी अंकिताने त्या माझ्या टेबलावर आणून ओतल्या. पांढऱ्या, कोऱ्या. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी शिरलं होतं आणि शाई वाहून गेली होती. ऑफिसातल्या साध्या प्रिंटरची शाई, आणि पाऊस पोलादपूरचा. स्वस्तात काम म्हणजे हेच असतं, हे कळायला मला बावीस वर्षं लागली.

मी एजन्सीला फोन लावला. चिठ्ठ्या बांधणारा माणूस नोकरी सोडून गेला होता. मालक म्हणाला, “मॅडम, करारात चिठ्ठी बांधणे असं लिहिलंय. वाचता येईल अशी, असं कुठे लिहिलंय?” एरवी मी रागावले की शेजारच्या ग्रंथालयात लोक वाचायचे थांबतात. त्या दिवशी मी नुसता फोन ठेवला. करार मीच टाइप केला होता.

“आता गं?” मी अंकिताला विचारलं.

“भावाने घणसोलीला एक नोकरी बघून ठेवलीय. फोनवर बोलायची.” ती चिठ्ठ्या गोळा करू लागली. “तसं वाईट नाही, मॅडम. एसी असतो.”

मला तिचं ते ‘तसं वाईट नाही’ फार लागलं. रडली असती तर मी तिला दटावून गप्प केलं असतं.

बरण्यांमध्ये प्रत्येक वाणाचं थोडं बियाणं तिने नाव घालून जपलं होतं. पण बरणीतला दाणा आणि शेतातली लोंबी जुळवायची कुणी? एक-दोन ठळक सोडले तर सगळे सख्खे भाऊ दिसत. प्रयोगशाळेतून तपासून घ्यायचं तर अहवाल यायला पुढचा मे उजाडला असता. कापणी दसऱ्यानंतर, म्हणजे हातात चारच आठवडे. उभ्या पिकातून फिरून ‘हा अमुक, हा तमुक’ असं सांगणारं माणूस हवं होतं. आणि ते माणूस कोण, हे मला अंकिताने जूनमध्येच सांगितलेलं होतं.

पण सरकारी घोडं इथेच अडत होतं. ओळखलेल्या वाणांची यादी विद्यापीठ मानणार ती सही असेल तर. सही चालणार ती नेमलेल्या सल्लागाराची. आणि सल्लागार नेमायचा तर पुन्हा तीन दरपत्रकं. फुकट सल्ला घेता येत नाही. शून्य दराचं पत्रक संशयास्पद धरावं, असं नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. ते मला पाठ आहे.

“उद्या कापड्याला जाऊ,” मी म्हटलं. “कागद मी स्वतः भरून घेते.”

अंकिताने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आंबेनळी घाट उलटा चालत चढते म्हणाले होते.

खरं तर कापडे मला नवं नाही. मी शर्मिला हाटे, माझं सगळं शिक्षण महाडात; पण माझी सख्खी आते जानकीबाई कापड्याच्या बौद्धवाडीत दिलेली. लहानपणी दर मे महिना मी तिच्याकडे काढला. ओढ्याच्या अलीकडे वाडी, पलीकडे गाव. गावाची शेतं खाली नदीकडे, सपाट आणि काळीभोर. वाडीची वर चढावर, दगडगोट्यांची. पुढे मला नोकरी लागली आणि माझं जाणं लग्नकार्यापुरतं उरलं.

ठकूबाई ओटीवर नाचणी पाखडत बसल्या होत्या. सत्तरीच्या, उंच, आवाज असा की ओढ्यापल्याडची कोंबडी उठेल. शेजारी त्यांचे दीर कुशाबा विडी ओढत होते. प्रयोगाचं शेत त्यांचंच. अंकिताने सगळा प्रकार सांगितला.

“मंग मला बोलवायला तीन म्हयनं लावलंत?” ठकूबाई म्हणाल्या. “ती पोरं लावत व्हती तवाच मी बांधावर जाऊन बोलली, रे बाबांनो, उंच जात आखूड जातीच्या कडंला लावू नका. तर एकजन बोलतो, आजी, बाजूला व्हा, काम चालू हाय.”

“मावशी, आता तुम्हीच ओळखून द्या. त्याचा रीतसर मोबदला मिळेल. दर किती लिहू?” मी पेन उघडलं.

सूप थांबलं. “कसला दर?”

“ओळखण्याचा.”

“बियान्याचं पैसं घेत नाय, बाय. आमच्या सासूनं नाय घेतलं, तिच्या सासूनं नाय घेतलं. बियानं इकलं का रुसतं. द्यायचं ते बियान्याच्या बदली बियानं.”

“पण हे बियाणं नाही, नुसतं नाव सांगायचं.”

“नाव काय बियान्यापरीस येगळं हाय?”

मी वाद घातला. वाद घालायला मला आवडतं, पण समोर दगडी जातं असेल तर हात दुखतात. शेवटी म्हटलं, बरं, पैसे नकोत, पण दराच्या रकान्यात काहीतरी लिहायलाच हवं, रकाना कोरा चालत नाही. ठकूबाई थोडा वेळ ओढ्याकडे बघत राहिल्या. मग पुन्हा सूप हातात घेऊन, अगदी सहज आठवल्यासारखं म्हणाल्या, “लिव्ह. एक पायली काळी कुसळ. उगवनारी.”

माझं पेन कागदावर टेकलं ते तसंच राहिलं.

काळी कुसळ मला ठाऊक होती. चढावरच्या दगडात येणारा भात. दाण्याला बोटभर काळं टोकदार कूस, आणि तांदूळ लाल. आतेकडून दर वर्षी तो आमच्याकडे यायचा. शाळेत माझ्या डब्यात तो लाल भात बघून बाकावरच्या मुली डबा जरा लांब सरकवायच्या. सातवीत मी आईला सांगितलं होतं की हा भात घातलास तर डबा नेणार नाही. तेव्हापासून मी तो खाल्ला नव्हता.

“तुम्हाला कशाला हवी ती?” मी विचारलं. “तुमची शेतं तर नदीकाठची.”

“वरलं शेत हाय ना एक. चार सालं झाली, डुकरं काय ठेवीत नायत. काळ्या कुसळीला डुक्कर तोंड लावीत नाय, नाकात घुसतंय त्याच्या.” त्यांनी सूप जोरात झटकलं. “आता हितं कुनाकडं नाय ती. तुमचं कालेज मोटं हाय, तुमी आना कुठूनतरी.”

कुशाबांनी विडी विझवली आणि आभाळाकडे पाहिलं. मी काही नवी नव्हते. काळी कुसळ कुणाकडे आहे, हे त्या ओटीवरून दिसत होतं. ओढ्यापलीकडे वाडीत, चिंचेखालचं तिसरं घर, माझ्या आतेचं. ठकूबाई आणि माझी आते एकाच बचत गटात, बैठकीला शेजारी शेजारी बसणाऱ्या. एकमेकींच्या घरी चहा, नातवंडांच्या बारशाला जाणं-येणं, सगळं होतं. पण गावाने वाडीकडे बियाणं मागावं, असं कधी झालं नव्हतं. ठकूबाई ताकाला आल्या होत्या आणि भांडं कॉलेजच्या मागे लपवत होत्या.

दुसरं दरपत्रक मी कुशाबांकडूनच घेतलं. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं: ‘मला भातातलं कळतं, पण वहिनीला जास्त कळतं. तिलाच द्यावे. आपला कुशाबा.’ खाली ‘अन्य दरपत्रकधारकांशी नाते’ असा रकाना होता. तिथे त्यांनी तीन पिढ्यांची वंशावळ काढली आणि जागा पुरली नाही म्हणून कागद उलटला.

तिसऱ्यासाठी मी ओढा ओलांडला. पाय आपोआप चिंचेकडे वळले.

“शर्मे, वाट चुकलीस काय गो?” आते दारातच होती. लहानखुरी, पासष्टीची, डोळ्यांत कायम मिश्किल. मी कागद पुढे केला, सगळं सांगितलं, ठकूबाईंचा दरही वाचून दाखवला. आते हसली नाही.

“तिनं सवता सांगितलं? काळी कुसळ?”

“स्वतः सांगितलं.”

“नाव घेतलं माजं?”

“नाही. कुठूनतरी आणा म्हणाली.”

आतेने आत जाऊन पाणी आणलं, मी प्यायले, तिने तांब्या घासून ठेवला. मग म्हणाली, “माजी सासू एकदा त्यांच्याकडं केवडसाळ मागाया गेलती. त्यांचा वासाचा भात, नदीकाठचा. मी नवी नवरी, संगं व्हती. ठकूच्या सासूनं भाकर दिली, कोरड्यास दिलं. बियान्याचं बोलली, पुढल्या सालाला बघू.” तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि सोडून दिलं. “चाळीस सालं झाली. ते पुढलं साल काय आलं नाय.”

“मग तू देणार नाहीस?”

“नाय कशाला? वाफं वळखायला मी पन येते. चढावरल्या जाती ठकूला काय ठावं? त्या तिच्या बापजन्मी तिनं लावल्या नायत.” तिने माझ्या हातातला कागद आपल्याकडे ओढला. “माजा दर लिव्ह. एक पायली केवडसाळ. ठकूच्या कनगीतली.”

म्हणजे माझ्याकडे तीन दरपत्रकं जमली. एकात काळी कुसळ, दुसऱ्यात केवडसाळ आणि तिसऱ्यात वंशावळ. यांतलं सर्वांत कमी कुठलं, ते मला अजून सांगता येणार नाही.

आणि खरी अडचण पुढेच होती. मी खरेदी समितीची सचिव. माझ्या नातेवाइकाने दर भरला तर मला तसं लेखी जाहीर करावं लागतं. छापील नमुना आहे: ‘दरपत्रकधारकाशी माझे कोणतेही नाते नाही. होय / नाही.’ बावीस वर्षं मी त्यावर खूण करत आले. त्या रकान्याकडे नजरसुद्धा न टाकता. आडनाव वेगळं, गाव वेगळं. मी गप्प बसले असते तर महाडात कुणाला पत्ता लागला नसता. त्या संध्याकाळी मी घरी कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायला विसरले.

सकाळी कागद ऋत्विक सरांपुढे ठेवले. दोघींनाही संयुक्त सल्लागार नेमावं, गावातले वाण एकीने आणि चढावरचे दुसरीने ओळखावेत, असं मी लिहिलं होतं. ‘दर (रुपयांत)’ यातलं ‘रुपयांत’ मी पेनाने खोडलं होतं आणि बाजूला सही केली होती. छापील नमुन्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा काही खोडलं. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘श्रीमती जानकीबाई ही माझी सख्खी आते. तिच्या शेतातला भात मी वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत खाल्ला आहे.’

सरांनी दोनदा वाचलं. हात उडवायचे विसरले. “मॅडम, हे नियमात बसतं?”

“नाही बसत.”

“मग?”

“एकदा सगळं नियमात बसवलं, सर. त्या कोऱ्या चिठ्ठ्या कपाटात ठेवल्यात, बघायच्या असतील तर दाखवते.”

सरांनी सही केली. प्राचार्यांनी कागद बघितला, मला बघितलं, आणि “तुम्ही आणलंय म्हणजे ठीकच असणार,” असं म्हणून न वाचता सही केली. बावीस वर्षांच्या पुण्याईचा हा असा उपयोग होईल, असं वाटलं नव्हतं. दोन नेमणूकपत्रं निघाली. मी ती कॉलेजच्या चांगल्या, जाड कागदावर छापली आणि शाई पुसून बघितली.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही शेतावर जमलो; ऋत्विक सरही मोटारसायकलवरून आले. भात पिवळा पडला होता, मधूनच एखादा वाफा तांबूस. अंकिताच्या पिशवीत एकतीस बरण्या होत्या आणि तिचा चेहरा परीक्षेच्या दिवसासारखा झाला होता. ठकूबाई गावाकडून आल्या, डोक्यावर फडक्याने झाकलेली टोपली. आते वाडीकडून आली, काखेत पत्र्याचा डबा. दोघींनी आपापलं ओझं बांधावर, जरा अंतर ठेवून ठेवलं. कुणी कुणाच्या ओझ्याकडे बघितलं नाही.

मग काम सुरू झालं, आणि मी आजवर बघितलेल्या सगळ्या सल्लागारांची मला कीव आली. ठकूबाई लोंबी बोटांतून ओढत, दाणा दाताखाली धरत आणि नाव टाकत. आते खाली वाके, बुंध्याचा रंग बघे, पान चुरगळून हुंगे. अंकिता नाव लिहून घेई आणि त्या नावाची बरणी काढून दाणा शेजारी धरून बघे. पहिला जुळला. दुसरा जुळला. दहाव्यानंतर तिने उरलेल्या बरण्या बांधावर ओळीने मांडून ठेवल्या.

“ही चिमनी वरंगळ,” ठकूबाई म्हणाल्या.

“व्हय,” आते म्हणाली. “आनि ती पल्याडची?”

“ती तुझी. चढावरली. मला नाय ठावं.”

“डोंगरी राता,” आते म्हणाली, आणि तिच्या पाठीचा कणा थोडा ताठ झाला.

सतराव्या वाफ्यावर मात्र जुंपली. एक म्हणे पटणी, दुसरी म्हणे बेळी. आवाज चढले, कुशाबा पंचाईत करायला आले आणि दोघींनी मिळून त्यांना परत पाठवलं. शेवटी आतेने वाफ्यात शिरून डावीकडची चार रोपं उपटली आणि उजवीकडची चार. “बग,” ती म्हणाली. “दोन जुड्या एका वाफ्यात कोंबल्यात मेल्यांनी. तुजी बी खरी, माजी बी खरी.” अंकिताने त्या वाफ्यावर फुली मारली. संध्याकाळपर्यंत उरलेले तीसही वाफे बरण्यांशी जुळले. पटणी आणि बेळी यांचं काय ते प्रबंधात एका तळटीपेत येणार होतं.

बांधावर बसून अहवालावर सह्या झाल्या. आतेने साक्षरता वर्गात शिकलेली पूर्ण सही केली, वेळ घेऊन. ठकूबाईंनी आपल्या नावाखाली काय छापलंय ते अंकिताकडून वाचून घेतलं. “सल्लागार,” अंकिता म्हणाली. “परत वाच,” ठकूबाई म्हणाल्या. तिने परत वाचलं.

अंकिता मग वही छातीशी धरून जरा लांब जाऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. घणसोलीच्या भावाला फोन लावला असावा. “नाही रे दादा,” एवढंच मला ऐकू आलं, “एसी नको.”

आता मोबदला. ठकूबाईंनी टोपलीवरचं फडकं काढलं आणि केवडसाळीचा वास बांधावर पसरला. आतेने डब्याचं झाकण उघडलं. आत काळी कुसळ, कूस अजून टोकदार. टोपली गच्च भरलेली, डबाही गच्च भरलेला. अदलाबदल करायची तर तिसरं रिकामं भांडं हवं, हे आम्हा तिघा शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मग ठकूबाई उठल्या, आतेपुढे आल्या आणि त्यांनी पदर पसरला.

मी त्यांना लहानपणापासून बघितलेलं आहे. ओढ्यापल्याडच्या ओटीवर ताठ बसलेली ती बाई माझ्या आतेपुढे पदर पसरून उभी होती. मला धड बघवेना.

आतेने डबा उचलला नाही. “पदर नको गो, ठके,” ती हळू म्हणाली. “पदर मागाया पसरतात. तू काय मागत नायस. ही बदली हाय. भांडं आन.”

“भांडं कुठनं आनू?”

ऋत्विक सरांनी इकडे तिकडे पाहिलं आणि मोटारसायकलचं हेल्मेट पुढे केलं.

म्हणून एक पायली काळी कुसळ आधी पुण्याच्या हेल्मेटात गेली, केवडसाळ डब्यात आली, आणि हेल्मेटातली काळी कुसळ टोपलीत ओतली गेली. दोघींनी एकमेकींच्या बियाण्यात हात घालून मूठ भरली, वास घेतला, परत सोडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अंकिताने विचारलं तेव्हा कूस गेलं म्हणून सांगितलं. सर महाडपर्यंत डोकं खाजवत आले.

जाताना आतेने मला रुमालात बांधून थोडे लाल तांदूळ दिले. मी ते घरी शिजवले आणि नुसते खाल्ले, मिठाबरोबर. चांगले लागले. बारा वर्षांच्या त्या मुलीला सांगायला हवं होतं कुणीतरी.

अंकिताने मार्चमध्ये प्रबंध दिला. आणि यंदा सप्टेंबरात ऑडिटवाले आले. तीन दिवस बसले, फायली चाळल्या, आणि शेवटच्या दिवशी माझ्या टेबलावर एक कागद ठेवून गेले. माझा पहिला आक्षेप. ‘सल्लागारांना देय मोबदला प्रत्यक्ष अदा झाल्याची पोच जोडलेली नाही. खुलासा करावा.’

ऑफिसातले सगळे माझ्याकडे चोरून बघत होते. वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. बावीस वर्षांचा कोरा कागद होता तो. मग मी चष्मा नाकावर नीट बसवला आणि खुलासा टाइप केला.

‘आक्षेप मान्य. पोच कागदावर घेता आलेली नाही. पहिली पोच मौजे कापडे येथे श्रीमती ठकूबाई यांच्या वरच्या शेतात उभी आहे. डुकरांनी अद्याप तोंड लावलेले नाही. कापणी दसऱ्यानंतर होईल, त्याआधी तपासणीस यावे. दुसरी पोच ओढ्याच्या अलीकडे, बौद्धवाडीत, श्रीमती जानकीबाई यांच्या शेतात उभी आहे. वासावरून ओळखता येईल. ही दुसरी पोच चाळीस वर्षे उशिरा मिळाली, याची कृपया नोंद घ्यावी.’